पुस्तकविक्री : एक दुर्लक्षित विद्या

(मँचेस्टर येथील आंबेडकर जयंती समारंभात दिलेले भाषण)



 

मी व्यवसायाने डॉक्टर आहे. त्यामुळे संयोजक मंडळी मला दरवर्षी मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार यांपैकी एखादा विषय देतात, आणि भाषणानंतर लगेच जेवणात जिलेबी वाढतात. यंदा मी त्यांना विनंती केली की, मला निराळ्या विषयावर बोलू द्यावे. तो विषय पुस्तकाच्या दुकानातील नोकरी हा आहे. आपल्यापैकी काहींना तो या विचारपीठाला शोभणारा वाटणार नाही. मलाही तीन वर्षांपूर्वी तो शोभणारा वाटला नसता, आणि आज बोलण्याचे कारण नेमके तेच आहे.

तीन वर्षांपूर्वी याच सभागृहात, अशाच एका कार्यक्रमात, एका भगिनीने मला सहज विचारले, "डॉक्टरसाहेब, मुलगी सध्या काय करते?" माझी कन्या त्या वेळी पदवी पूर्ण करून शहरातील एका पुस्तकाच्या दुकानात पूर्णवेळ नोकरी करीत होती. शाळेत असताना ती तेथे दर शनिवारी काम करीत असे. तोवर मला त्याचे कौतुक होते, कारण ती मुलाची हौस समजता येत होती. पदवीनंतरही ती तेथेच राहिली तेव्हा मात्र माझ्या मनाने ते स्वीकारले नाही. मी त्या भगिनीला उत्तर दिले, "पुढील अभ्यासक्रमाची तयारी करते आहे." हे असत्य होते. माझी कन्या माझ्यापासून चार पावलांवर उभी होती आणि तिने ते ऐकले. पंचशीलातील चौथे शील मी त्याच दिवशी सकाळी सर्वांसमवेत मोठ्याने म्हटले होते.

घरी परतताना मोटारीत ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "बाबा, तुम्हाला माझ्या पगाराची लाज वाटते की दुकानाची?" मी गप्प राहिलो. पगाराची वाटत नव्हती, हे मला ठाऊक होते.

मित्रहो, दुकान या गोष्टीविषयी आपल्या मनात असलेला हा संकोच कोठून आला, याचा मी त्यानंतर पुष्कळ विचार केला. जातिव्यवस्थेने आपल्या पूर्वजांना विद्येपासून दूर ठेवले हे आपण प्रत्येक सभेत सांगतो. तिने त्यांना बाजारापासूनही दूर ठेवले, हे आपण फारसे सांगत नाही. ज्याच्या हाताचे पाणी चालत नाही त्याच्या हातचे पीठ, तेल, गूळ कोण विकत घेणार? मेलेली गुरे ओढावीत, सरपण फोडावे, वेठीस धावावे. परंतु तराजू हाती धरू नये, अशी ती व्यवस्था होती. स्वतः बाबासाहेबांना याचा अनुभव आला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे अध्ययन करून ते १९१७ साली स्वदेशी परतले. बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर त्यांनी मुंबईत शेअर व रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला देणारा गृहस्थ अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद करावा लागला. त्या काळी अर्थशास्त्राचे इतके ज्ञान असलेले किती लोक मुंबईत होते? परंतु ज्ञान आडवे आले नाही. आडवी आली ती गल्ल्यामागे बसलेल्या माणसाची जात.

पुढे १९२० साली 'मूकनायक' सुरू झाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, हा प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. आपण तो अपमानाचा प्रसंग म्हणून सांगतो, आणि तो तसा आहेच. तथापि विक्रेत्याच्या दृष्टीने पाहिल्यास त्यात आणखी एक गोष्ट दिसते. लेखणी आपल्या हाती आली होती, छापखानाही पुढे आपल्या हाती आला. वाचकापर्यंत जाणारा रस्ता मात्र दुसऱ्याच्या ताब्यात होता. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने परिषदच रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी आपले न झालेले अध्यक्षीय भाषण स्वखर्चाने छापून प्रसिद्ध केले. त्या इंग्रजी आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या, असे त्यांनीच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या विचारांवर आपण शेकडो व्याख्याने ऐकली. त्या दीड हजार प्रती कोणी बांधल्या, कोणी पोस्टात टाकल्या, कोणी पैसे जमा करून हिशेब लिहिला, यावर मी एकही व्याख्यान ऐकलेले नाही.

स्वातंत्र्यानंतर राखीव जागांमुळे आपल्याला शिक्षणाची व नोकरीची दारे उघडली, आणि आपण स्वाभाविकपणे त्या दारांतून आत गेलो. शिक्षक, कारकून, अभियंता, डॉक्टर. माझ्या घराण्यात मी पहिला डॉक्टर. परंतु आजवर एकही दुकानदार झालेला नाही. नाही म्हणायला एक अपवाद होता, तो माझ्या मामांचा, आणि तोही वर्षातून तीन दिवसांपुरता.

माझे बालपण नागपुरात गेले. माझे मामा रेल्वेत नोकरीस होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सोहळ्यासाठी ते दरवर्षी रजा घेत आणि दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे दुकान मांडीत. दुकान म्हणजे दोन बाजा, त्यांवर सतरंजी, वर ताडपत्री आणि रात्रीसाठी एक कंदील. मी अकरा-बारा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या हाताखाली असे. पुस्तके कशी विकावीत याचे पहिले धडे मी तेथे घेतले. ते धडे होते हे मला चाळीस वर्षांनी कळले.

मामा बुद्धवंदनेच्या पुस्तिका कधीही पुढे मांडीत नसत. त्या सर्वांत जास्त खपत. म्हणूनच त्या मागे. पुढे बाबासाहेबांच्या तसबिरी व दिनदर्शिका असत, म्हणजे माणूस थबके. वंदनेची पुस्तिका घेण्यासाठी त्याला दोन पावले आत यावे लागे, आणि त्या दोन पावलांत त्याच्या हाताशी महाडचा सत्याग्रह, पुणे करार, बाबासाहेबांचे चरित्र अशा पुस्तिका येत. वाचता न येणारे गिऱ्हाईक आले तर मामा विचारीत, "घरात कोण शिकते? कितवीत आहे?" आणि त्या मुलाच्या इयत्तेला झेपेल ते पुस्तक काढून देत.

एक वृद्ध माता मला विशेष आठवते. ती यवतमाळकडील कोणत्यातरी खेड्यातून चालत व मिळेल त्या वाहनाने आली होती. एक रुपयाची पुस्तिका तिने हाती घेतली आणि मला म्हणाली, "पहिलं पान वाचून दाखव, मंग पैसे देते." मी वाचले. तिने पदराची गाठ सोडून नाणी मोजून दिली आणि पुन्हा पुस्तिका माझ्या हाती देऊन म्हणाली, "तू वाचलं तिथं कोपरा दुमडून दे. घरी गेल्यावर नातवाला तिथूनच वाचाले सांगीन." मी कोपरा दुमडून दिला. तशी काळजीपूर्वक खरेदी मी नंतर या देशातील सुशिक्षित ग्राहकांतही क्वचितच पाहिली.

रात्री मामा वहीत दिवसभराच्या विक्रीच्या खुणा मोजीत. पाच-पाचच्या जुड्या, प्रत्येक पुस्तकाची वेगळी ओळ. त्यांचे बरेचसे पुस्तक प्रकाशकांकडून 'विकले तर पैसे, न विकले तर परत' या बोलीवर येई. एका वर्षी त्यांनी हा नियम मोडला. एका जाडजूड चरित्रग्रंथाच्या शंभर प्रती त्यांनी रोख पैसे देऊन, भावनेच्या भरात, उचलल्या. त्यांतील बहुतेक त्यांच्या खाटेखाली राहिल्या आणि पुढे वाळवीने खाल्ल्या. मामी ती गोष्ट अखेरपर्यंत विसरल्या नाहीत.

आता माझ्या स्वतःच्या अपराधाकडे वळतो. आपल्या संस्थेच्या पुस्तक-विक्रीची जबाबदारी अनेक वर्षे माझ्याकडे होती. जयंतीस व धम्मचक्र प्रवर्तन दिनास या सभागृहाच्या दाराशी जे टेबल लागे, ते माझे. मी भारतात गेलो की पुस्तके खरेदी करीत असे, आणि कसे करीत असे? जे पुस्तक मला आवडे, जे समाजाने वाचावे असे मला वाटे, ते. मराठी पुस्तकांच्या पन्नास-पन्नास, शंभर-शंभर प्रती मी समुद्रमार्गे मागविल्या. आपल्या संस्थेत निम्म्याहून अधिक कुटुंबे पंजाबी आहेत, ती मराठी वाचीत नाहीत; आपली येथे वाढलेली मुले तर इंग्रजीखेरीज काहीच वाचीत नाहीत. ही वस्तुस्थिती माझ्या डोळ्यांसमोर होती, पण खरेदी करताना मी ती डोळ्यांआड केली. न विकलेली पुस्तके पेट्यांतून माझ्या गॅरेजमध्ये जात राहिली. मँचेस्टरची हवा आपण जाणता. नागपुरात मामांच्या पुस्तकांना वाळवी लागली, येथे माझ्या पुस्तकांना बुरशी लागली.

मोटारीतील त्या प्रसंगानंतर काही महिन्यांनी माझ्या कन्येने एका रविवारी ते गॅरेज उघडले. मी समजलो, ती आवराआवर करणार. तिने एक वही घेतली आणि प्रत्येक पेटीतील प्रत्येक पुस्तकाचे नाव, प्रती, आणल्याचे वर्ष, मूळ किंमत आणि आजवर विकलेल्या प्रती लिहिण्यास सुरुवात केली. विकलेल्या प्रतींचा आकडा मला सांगता येईना. माझ्याकडे तशी नोंदच नव्हती. जमा झालेली एकूण रक्कम तेवढी मी कोषाध्यक्षांना देत असे. संध्याकाळी तिने मला विचारले, "बाबा, ही पुस्तके तुम्ही कोणासाठी आणली?" मी म्हणालो, "समाजासाठी." ती म्हणाली, "समाज दारातून आत येत नाही. माणसे येतात. कोणती माणसे?"

तिच्या वहीनुसार एका पुस्तकाच्या शंभर प्रतींपैकी सत्त्याण्णव शिल्लक होत्या. ज्या तीन गेल्या त्यांतील एक मीच एका मित्राला भेट दिली होती.

रुग्णालयात मी तीस वर्षे औषधांच्या मुदतीविषयी दक्ष राहिलो. आधी संपणारे औषध आधी वापरावे, साठा किती दिवस पुरेल ते पाहावे, जे लागत नाही ते मागवू नये, हे आमच्या औषधविभागातील नवशिका कर्मचारीही जाणतो. तेच सूत्र मी बाबासाहेबांच्या ग्रंथांना कधी लावले नाही, कारण त्यांना 'माल' म्हणणे मला अनादराचे वाटे. परिणामी आदर माझ्याजवळ राहिला आणि ग्रंथ बुरशीजवळ.

त्यानंतर मी तिच्या कामाविषयी प्रथमच नीट चौकशी केली. जे कळले ते येथील तरुणांसाठी सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळजण दुकानातील काम म्हणजे उभे राहणे व पैसे घेणे असे समजतात. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी गाडी येते. पेट्या फोडून आलेली पुस्तके बिलाशी ताडून पाहायची. कमी आली, फाटकी आली तर त्याच दिवशी कळवायचे. गल्ल्यात ठरलेली मोड मोजून ठेवायची. पुस्तके फळ्यांवर लावायची, आणि कोणते पुस्तक कण्याकडून दिसेल व कोणते मुखपृष्ठाकडून, हे ठरवायचे. हा निर्णय क्षुल्लक नाही. मुखपृष्ठ दिसणारे पुस्तक दोन-तीन पुस्तकांची जागा खाते, तेव्हा त्याने तेवढे विकले गेलेच पाहिजे. कोणत्या पुस्तकाला किती आठवडे कोणी हात लावला नाही याची यादी काढायची आणि ती पुस्तके मुदतीत प्रकाशकाकडे परत पाठवायची. मामांची 'न विकले तर परत' ही बोली या देशातील पुस्तक-व्यापाराचा कणा आहे हे ऐकून मला हसूही आले आणि गहिवरूनही आले. रात्री गल्ला मिळवायचा. पाच पौंडांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत थांबायचे.

पहिल्या वर्षी ती हेच करीत होती. दुसऱ्या वर्षी तिला साहाय्यक व्यवस्थापक केले, आणि तेथे खरी परीक्षा सुरू झाली. सात-आठ सहकाऱ्यांच्या कामाच्या वेळा लावणे, नाताळच्या आधीच्या आठवड्यांत कोणाला रजा नाकारावी हे ठरवणे, तिच्याहून वयाने दुप्पट असलेल्या माणसाला 'आपण रोज उशिरा येता' हे त्याचा मान राखून सांगणे. एका ग्राहकाने तिला 'व्यवस्थापकाला बोलवा' असे दरडावून सांगितले आणि 'व्यवस्थापक मीच' हे ऐकूनही त्याचा विश्वास बसला नाही. असे प्रसंग आपल्यालाही येतात. मी रुग्णालयात ते अनुभवले आहेत. परंतु मला ते पस्तिशीनंतर, हाती अधिकार असताना आले. ती बाविसाव्या वर्षी गल्ल्यामागे उभी राहून त्यांना तोंड देत होती.

या व्यापाराचे अर्थशास्त्रही तिने मला समजावले. या देशात १९०० पासून प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीखाली पुस्तक विकू नये असा करार होता. तो १९९५ साली कोसळला आणि १९९७ साली न्यायालयाने बेकायदेशीर ठरविला. मग किराणा मालाच्या अवाढव्य दुकानांनी गाजलेली पुस्तके निम्म्या किमतीत विकण्यास सुरुवात केली. पुढे संगणकावरून घरपोच पुस्तके येऊ लागली. १९९५ साली ब्रिटनमध्ये सुमारे एकोणीसशे स्वतंत्र पुस्तकालये होती, ती २०१६ साली नऊशेहून कमी उरली. तेव्हापासून मात्र त्यांची संख्या पुन्हा वाढून हजाराच्या वर गेली. मोठ्या साखळी-दुकानांतही वॉटरस्टोन्सने २०११ नंतर नव्या नेतृत्वाखाली एक धोरण बदलले : कोणती पुस्तके मांडावीत हे मुख्य कार्यालयाने न ठरवता त्या त्या गावच्या दुकानाने ठरवावे. आपल्या डीन्सगेटवरील दुकानात जे टेबल पुढे मांडलेले दिसते, ते कोणीतरी येथील माणसाने विचार करून मांडलेले असते. हे वाक्य मी मुद्दाम उच्चारतो. त्याचे महत्त्व पुढे येईल.

बंधू-भगिनींनो, आपण ज्या परिसरात राहतो तेथे दुकानदारी ही कष्टकऱ्यांच्या मुक्तीची विद्या ठरल्याचे उदाहरण आहे. येथून दहा-बारा मैलांवरील रॉचडेल येथे २१ डिसेंबर १८४४ रोजी, हिवाळ्याच्या रात्री, टोड लेनमधील एका जुन्या इमारतीत विणकरांनी व त्यांच्यासारख्या कामगारांनी एक दुकान उघडले. अठ्ठावीस सभासद, अठ्ठावीस पौंडांचे भांडवल. माल काय, तर थोडे लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. गिरणीमालकांची व उधारी देणाऱ्या दुकानदारांची भेसळ आणि खोटी वजने यांना कंटाळून त्यांनी नियम केले : माल शुद्ध, माप पुरे, व्यवहार रोखीचा, प्रत्येक सभासदाला एक मत आणि नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात. दिवसा त्यांना काम असे, म्हणून दुकान आरंभी आठवड्यातून दोनच रात्री उघडे. जगातील सहकारी चळवळ या दुकानाला आपली जननी मानते.

या दुकानाची जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र वरच्या मजल्यावर होती. या लोकांनी दुकानाच्या वर वाचनालय चालविले आणि पुढे नफ्यातील शेकडा अडीच हिस्सा शिक्षणासाठी राखून ठेवला. म्हणजे खालच्या पीठ-साखरेच्या हिशेबावर वरची पुस्तके उभी होती. खालचा हिशेब चुकला असता तर वरचे दिवे विझले असते. ती इमारत आज संग्रहालय आहे. आपण सहली काढून लंडनला बाबासाहेबांचे निवासस्थान पाहण्यास जातो, अवश्य जावे. पण रॉचडेलला ट्रामने जाता येते आणि आपल्यातील फार थोडे तेथे गेले आहेत.

दुसरे उदाहरण आपल्यासारख्याच, समुद्र ओलांडून आलेल्या कृष्णवर्णीय बांधवांचे. त्रिनिदादहून आलेले जॉन ला रोझ आणि त्यांच्या सहकारी सेरा व्हाइट यांनी १९६६ साली लंडनमध्ये 'न्यू बीकन बुक्स' सुरू केले. प्रारंभी दुकान नव्हते. पुस्तके पिशवीत घालून ते सभांना जात व तेथे विकीत. १९७३ साली फिन्सबरी पार्क भागात दुकान झाले. त्यांनीच इतरांसह १९८२ पासून १९९५ पर्यंत कृष्णवर्णीय व तिसऱ्या जगातील पुस्तकांचे आंतरराष्ट्रीय ग्रंथमेळे भरविले. ते मँचेस्टरमध्येही भरत. पुढे दुकान बंद पडण्याची वेळ आली तेव्हा वाचकांनीच वर्गणी करून ते तारले. पिशवीपासून दुकानापर्यंतचा सात वर्षांचा हा प्रवास कोणी देणगीदार आल्यामुळे झाला नाही. पिशवीचा हिशेब ठेवला गेला, म्हणून झाला.

आपल्याकडे पिशव्या नव्हत्या असे नाही. येथे पुढच्या रांगेत बसलेले आपले एक वयोवृद्ध पंजाबी बांधव साठीच्या दशकात गिरणीत रात्रपाळी करून रविवारी सकाळी घरोघर जात आणि लाहोरी राम बाली यांनी जालंधरहून चालविलेल्या 'भीम पत्रिके'चे अंक विकत. पुण्यात प्रा. विलास वाघ यांनी 'सुगावा'च्या पुस्तकांसाठी आयुष्य वेचले. ते २०२१ साली निवर्तले. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला लक्षावधी लोक येतात आणि रांगा लावून पुस्तके घेतात. असा वाचक जगातील कोणत्याही प्रकाशकाला हेवा वाटावा असा आहे. आपल्याजवळ लेखक आहे, वाचक आहे. या दोघांमधली जागा तेवढी आपण दुर्लक्षिली. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे व भाषणांचे खंड प्रसिद्ध केले, वसंत मून यांनी त्यासाठी अपार कष्ट घेतले. परंतु वाचक शासकीय ग्रंथागारात जातो तेव्हा हवा तो खंड संपलेला असतो, हा वर्षानुवर्षांचा अनुभव. २०२१ साली तर कागद खरेदी होऊनही छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. खंड कमी पडतात आणि कागद पडून राहतो. माझ्या गॅरेजचीच ही मोठी आवृत्ती आहे, असे मी म्हणालो तर मला क्षमा करावी.

आता डीन्सगेटच्या टेबलाकडे परत येतो. मी एकदा कन्येजवळ तक्रार केली की, एवढ्या मोठ्या शहरात बाबासाहेबांचे एकही पुस्तक दुकानाच्या फळीवर दिसत नाही, हा वर्णद्वेष आहे. तिने ऐकून घेतले. मग माझ्याच पेटीतील एक पुस्तिका घेऊन मला दाखविली. तिच्यावर तेरा अंकी आंतरराष्ट्रीय ग्रंथक्रमांक नव्हता. ही पद्धत साठीच्या दशकात याच देशातील पुस्तक-व्यापारातून निघाली आणि २००७ पासून तो क्रमांक तेरा अंकी आहे. क्रमांक नाही म्हणजे दुकानाच्या यंत्राला ते पुस्तक अस्तित्वातच नाही. पुस्तिकेला कणा नव्हता, टाचण्या मारलेल्या होत्या. फळीवर उभी केली की ती अदृश्य. येथील कोणत्याही वितरकाच्या यादीत ती नव्हती. "द्वेष असेल, बाबा," ती म्हणाली, "पण द्वेषाची वेळ यायच्या आधीच आपण तीन ठिकाणी अडतो."

'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'ची नवयानने केलेली टीपांसह आवृत्ती २०१४ साली येथे व्हर्सो या प्रकाशनानेही काढली. तिला क्रमांक आहे, कणा आहे, वितरक आहे. तिच्या प्रस्तावनेविषयी आपल्यात तीव्र मतभेद आहेत. ते मी येथे काढीत नाही, मलाही ते आहेत. माझ्या कन्येने आपल्या दुकानात त्या आवृत्तीच्या तीन प्रती मागविल्या. इझाबेल विल्करसन यांचे अमेरिकेतील वर्णव्यवस्थेस जातीची संज्ञा लावणारे 'कास्ट' हे पुस्तक २०२० साली आले होते व जोरात खपत होते. तिने त्याच्या शेजारी, मुखपृष्ठ दिसेल असे, बाबासाहेबांचे पुस्तक ठेवले आणि खाली स्वहस्ते लिहिलेले एक लहान शिफारसीचे कार्ड चिकटविले. तसा कार्ड लिहिण्याचा अधिकार त्या दुकानात प्रत्येक कर्मचाऱ्यास असतो. कार्डात तिने आपल्या कुळाविषयी काहीही लिहिले नव्हते. जो पहिले पुस्तक उचलतो त्याने दुसरेही का वाचावे, एवढेच चार ओळींत होते.

तीन प्रती पंधरवड्यात गेल्या. तिने पाच मागविल्या, त्याही गेल्या. आकडे लहान आहेत, हे मी जाणतो. शंभर प्रती मागवून तीन विकणाऱ्या माणसाला मात्र ते लहान वाटत नाहीत. मी एके दिवशी तिला न सांगता त्या दुकानात गेलो आणि दूर उभा राहून त्या टेबलाकडे पाहत राहिलो. एका विद्यार्थिनीने पुस्तक उचलले, कार्ड वाचले, पहिली काही पाने उभ्यानेच वाचली आणि परत ठेवले. मला वाईट वाटले. दाराशी जाऊन ती परत फिरली आणि तिने पानाचा कोपरा दुमडलेला तो तोच ग्रंथ पुन्हा उचलला. त्या क्षणी मला दीक्षाभूमीवरची ती माता आठवली. मामांनी असते तर माझ्या खांद्यावर हात ठेवला असता.

आता संस्थेपुढे एक प्रस्ताव ठेवतो. पुस्तक-टेबलाची जबाबदारी मी सोडत आहे. ती माझ्या कन्येने आणि तिच्यासमवेत काम करण्यास तयार असलेल्या दोन तरुणांनी घ्यावी. त्यांतील एक पंजाबी कुटुंबातील आहे, हे आवश्यकच होते. त्यांची अट अशी की, पुस्तकांची निवड कार्यकारिणीने करू नये. पुस्तकांच्या पैशाचा हिशेब वेगळा राहील, दर तीन महिन्यांनी साठा मोजला जाईल, आणि जे पुस्तक वर्षभर खपत नाही ते, लेखक कितीही थोर असला किंवा तो आपल्या कार्यकारिणीत असला तरी, पुन्हा मागविले जाणार नाही. या शेवटच्या मुद्द्यावर दोन सदस्य माझ्याकडे रोखून पाहत आहेत. शिवाय आपली जी मुले दुकानांत नोकरी करतात, पुस्तकाच्या असोत वा किराण्याच्या, त्यांनी वर्षातून एक दिवस येऊन इतरांना गल्ला मिळवणे, साठा मोजणे, बिल ताडणे शिकवावे. डॉक्टरांच्या आरोग्य-शिबिराला जेवढा वेळ दिला जातो तेवढा त्यालाही मिळावा. वाटल्यास माझ्या वेळातून घ्यावा.

ज्या भगिनीने मला तीन वर्षांपूर्वी प्रश्न विचारला होता, त्या आजही सभागृहात आहेत. भगिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर उशिरा देत आहे : माझी मुलगी पुस्तकाच्या दुकानात साहाय्यक व्यवस्थापक आहे.

उरलेल्या सत्त्याण्णव प्रतींपैकी बुरशी न लागलेल्या एकसष्ट निघाल्या. त्या कोणास हव्या असतील तर टपालखर्चात मिळतील. बाकीच्या पेट्यांची मोजणी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या गॅरेजमध्ये आहे. तीन माणसे कमी पडत आहेत. हातमोजे आम्ही देऊ. चहा आमच्या सौभाग्यवती देतील, साखर मात्र मी ठरवीन.

जय भीम!